जागा चुकलेलं आम्ल

अण्णांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात, चष्म्याच्या घराला चिकटून, गोळ्यांची एक रुपेरी पट्टी कायम असायची. सकाळी उठायचं, तोंड धुवायचं, पट्टीतली एक गोळी पाण्याबरोबर घ्यायची आणि मग चहा. एसटीत कंडक्टर म्हणून उभं आयुष्य काढलेल्या माणसाचं हे वेळापत्रक कधी चुकलं नाही. ही गोळी घरात आली ती गुडघ्यामुळे. एका दवाखान्यात त्यांना चौदा दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या लिहून मिळाल्या. तिथल्या डॉक्टरांनी पोटाला इजा होऊ नये म्हणून जोडीला ही पित्ताची गोळी दिली होती. दोन आठवड्यांनी वेदनाशामक गोळ्या संपल्या. पित्ताची गोळी सहा वर्षं चालू राहिली. ती थांबवा असं कोणी सांगितलं नव्हतं, आणि औषधाच्या दुकानात चिठ्ठी कधी मागितली गेली नाही.

मधे एकदा काशीयात्रेला निघताना पट्टी घरीच राहिली. पाच-सहा दिवसांनी रात्री त्यांच्या छातीत आग सुरू झाली, घशाशी आंबट पाणी आलं, आणि उजाडेपर्यंत ते भिंतीला टेकून बसून राहिले. परत आल्यावर म्हणाले, "बघ, या गोळीशिवाय माझं आता चालायचं नाही." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांचा त्रास खराच होता. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा आहे का, हे विचारायची बुद्धी मला फार उशिरा झाली.

आज मी ज्या ज्या घरी जाते तिथे अशी पट्टी दिसते. कधी फ्रीजवर, कधी देवघराच्या फळीवर, कधी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. या पट्टीबद्दल माझं एक ठाम मत झालं आहे. ॲसिडिटीवरचे आपले बहुतेक उपाय 'पोटात आम्ल जास्त झालं' या समजुतीवर उभे आहेत, आणि छातीतल्या जळजळीच्या बाबतीत ती समजूत बहुधा चुकीची असते. अशा बहुतेक माणसांच्या जठरात आम्ल नेहमीइतकंच तयार होत असतं. ते आपली जागा सोडून वर येतं, हे खरं दुखणं. दुखणं जागेचं आणि वेळेचं असेल, तर पहिला उपायही जागेचा आणि वेळेचा हवा. गोळीला त्यात मानाचं स्थान आहे, पण ती कधी सुरू करायची याइतकंच कधी थांबवायची हेही ठरलेलं हवं.

गैरसमजाची सुरुवात शब्दापासूनच होते. 'पित्त' या एका शब्दात आपण किती दुखणी भरून ठेवली आहेत! छातीत जळजळलं की पित्त. उन्हातून आल्यावर अर्धं डोकं ठणकलं आणि उलटी झाली की पित्त. ती पुष्कळदा अर्धशिशी असते. अंगावर गांधी आल्या की 'पित्त उठलं'. ती बहुतेक वेळा ॲलर्जीची तऱ्हा असते. आणि यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा हिरवट-पिवळा कडू रस, तोही पित्तच. वेगवेगळी दुखणी एका नावाखाली आली की त्यांना औषधही एकच मिळतं. अर्धशिशीने बेजार झालेली बाई वर्षानुवर्षं आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेत राहते आणि डोक्यावरचा योग्य इलाज लांबत जातो. 'ॲसिडिटी' हा शब्द त्यामानाने शास्त्रीय वाटतो, पण त्याने चूक आणखी पक्की केली. शब्दातच ॲसिड आहे, मग ॲसिड मारलं की काम झालं, असं मनाने धरलं.

आपल्या परंपरेत मात्र याहून नेमकी नजर होती. 'माधवनिदान' या जुन्या आयुर्वेदग्रंथात अम्लपित्तावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात ऊर्ध्वग व अधोग असे दोन प्रकार केले आहेत. ऊर्ध्वग म्हणजे वर जाणारं. दुखण्याची दिशा नावातच सांगितली आहे. त्या काळची शरीराची कल्पना आजच्यापेक्षा वेगळी होती आणि दोन्ही शास्त्रं एकच सांगतात असा दावा मी करणार नाही. पण 'किती' याच्या आधी 'कुठे जातंय' हे पाहण्याची ती सवय आपण हरवून बसलो, एवढं खरं.

ते कुठून आणि कसं वर येतं, हे नीट समजून घेतलं तर पुढची पथ्यं पाठ करावी लागत नाहीत. जठरात दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर रस पाझरतो. त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल रिकाम्या पोटी लिंबाच्या रसाहून तीव्र असतं. ते उगाच नसतं. अन्नाबरोबर आत गेलेले जंतू ते मारतं, प्रथिनांचं पचन सुरू करून देतं, लोह आणि बी-१२ जीवनसत्त्व शरीराला मिळावं यासाठी झटतं. जठराच्या आतल्या भिंतीला या आम्लापासून वाचवणारा बुळबुळीत लेप असतो. अन्ननलिकेला तसा लेप नाही. म्हणून दोघांच्या सांध्यावर निसर्गाने स्नायूंची एक झडप ठेवली आहे आणि बाहेरून श्वासपटलाचा चिमटा तिला आधार देतो. घास गिळला की झडप उघडते आणि मिटते. जठर हवेने किंवा अन्नाने ताणलं गेलं, की ढेकर बाहेर जाऊ देण्यासाठी ती मधूनच क्षणभर सैल होते. या सैल होण्यातच आम्लाला वाट मिळते. असं थोडंफार प्रत्येकाच्या बाबतीत घडतं आणि लाळ गिळली की ते धुऊन जातं. ते वारंवार होऊ लागलं, अन्ननलिका सोलवटू लागली, झोप मोडू लागली, की तो आजार झाला. काहींच्या बाबतीत जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या छिद्रातून छातीकडे सरकलेला असतो. मग चिमटा एकीकडे आणि झडप दुसरीकडे अशी अवस्था होते.

ग्लासगोच्या संशोधकांनी या सांध्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या पाहणीतली एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. जेवणानंतर अन्न जठरातल्या आम्लाची तीव्रता कमी करतं, पण झडपेच्या अगदी खाली, अन्नाच्या वर, ताज्या तीव्र आम्लाचा एक थर तरंगत राहतो. म्हणजे भरल्या पोटीच आम्ल दाराशी उभं असतं. त्याच गटाने पुढे निरोगी स्वयंसेवकांच्या कमरेला पट्टा आवळून पाहिलं. पोटावरचा दाब वाढला, सांधा वर सरकला, आम्ल अन्ननलिकेच्या टोकाशी चढलं. हे वाचलं तेव्हा मला आईच्या परकराची नाडी आठवली, कमरेवर कायमचा काळा वळ उमटवणारी. जेवण झाल्या झाल्या त्याच नाडीनिशी ती ओणवी होऊन खरकटं काढायची, फरशी पुसायची आणि म्हणायची, "जेवले की घशाशी येतं गं." तिच्या जेवणात तिखट बेताचंच होतं. पण भरलं पोट, आवळलेली कंबर आणि ओणवं शरीर या तिन्ही गोष्टी तिच्या वाट्याला रोज एकाच वेळी येत होत्या.

म्हणूनच 'काय खाऊ नये' या प्रश्नाला आपण दिलेलं महत्त्व मला अवाजवी वाटतं. पित्त म्हटलं की यादी हातात पडते: तिखट नको, आंबट नको, टोमॅटो नको, डाळ नको, वांगं नको, शेंगदाणे नकोत. माणूस निम्मं ताट टाकून देतो आणि रात्री साडेदहाला उरलेलं निम्मं जेवून अकराला आडवा होतो. २००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दोनच सवयींच्या बाजूने भक्कम पुरावा मिळाला: वजन कमी करणं आणि पलंगाची उशाकडची बाजू उंच करणं. ठरावीक पदार्थ सरसकट बंद केल्याने सगळ्यांना फायदा होतो, असा पुरावा हाती आला नाही. याचा अर्थ अन्नाचा संबंध नाही असा मुळीच नाही. तेला-तुपाने थबथबलेलं जेवण जठरात जास्त वेळ रेंगाळतं. चॉकलेट आणि पुदिना झडप सैल करतात. सोललेल्या अन्ननलिकेवरून तिखट-आंबट गेलं की झोंबणारच. पण प्रत्येकाचा वैरी वेगळा असतो. एकाला मिसळीची तर्री बाधते, दुसऱ्याला अनशापोटी घेतलेला उकळलेला चहा, तिसऱ्याला काहीच नाही. दोन आठवडे वहीत लिहून पाहावं: काय खाल्लं, किती वाजता, किती, आणि त्रास केव्हा झाला. त्या वहीतून निघालेली दोन-तीन नावांची यादी परक्याने दिलेल्या तीस नावांच्या यादीपेक्षा खरी असते आणि आयुष्यभर पाळताही येते.

घरगुती उपायांनाही हीच कसोटी लावावी. गार दुधाने लगेच बरं वाटतं हे खरं, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम पुन्हा आम्ल सुटायला लावतात. खायचा सोडा किंवा फसफसणारे क्षार आम्लाला तिथल्या तिथे शमवतात, पण त्यांतला वायू जठर ताणतो. रक्तदाबाच्या माणसाने त्यातलं सोडियमही मोजायला हवं. मोरावळा, कोकम, धन्या-जिऱ्याचं पाणी ज्याला सोसतं त्याने आनंदाने घ्यावं. कोकम कुणाला निववतं, तर सुजलेल्या अन्ननलिकेला तेच आंबट म्हणून झोंबतं.

उपासाच्या दिवशी पित्त होतं ही आपल्याकडची घरोघरची तक्रार. दिवसभर रिकाम्या पोटावर चहा, दुपारी दाण्याचं कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी, रात्री बटाट्याचे तळलेले पापड. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी स्वतःच्या घरात पाहूनच रचली असावी. उपासाची खरी शिकवण थोडं खाण्याची आहे, आणि इथे भक्ती व वैद्यक एकाच बाजूला उभे आहेत. चरकसंहितेच्या विमानस्थानात पोटाचे तीन वाटे सांगितले आहेत: एक घन अन्नासाठी, एक द्रव पदार्थांसाठी आणि एक वात-पित्त-कफांच्या हालचालीसाठी मोकळा. मोकळ्या सोडलेल्या त्या जागेचं मोल झडपेचं शास्त्र वाचल्यावर मला नव्याने कळलं. जठर ताणलं नाही तर झडप सैल होण्याचे प्रसंग कमी होतात. दोन पोळ्या कमी खाण्याचा उपाय कुठल्याही दुकानात मिळत नाही, म्हणून त्याची जाहिरात होत नाही.

आता वेळेबद्दल. जपानमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जेवण आणि झोप यांत तीन तासांहून कमी अंतर ठेवणाऱ्यांत या आजाराची शक्यता चार तास किंवा जास्त अंतर ठेवणाऱ्यांच्या सुमारे सातपट आढळली. कारण उघड आहे. उभ्या माणसाला गुरुत्वाकर्षण मदत करतं. आडवं झालं की ती मदत जाते. झोपेत आपण फारसं गिळत नाही, लाळही कमी सुटते, त्यामुळे वर आलेलं आम्ल धुतलं जात नाही आणि तासन् तास अन्ननलिका भाजत राहतं. सकाळचा घोगरा आवाज, रात्रीचा कोरडा खोकला यांचं मूळही कधी कधी इथे असतं.

आपल्या भाषेत यावर दोन सुंदर शब्द आहेत आणि दोन्हींचा अर्थ आपण विसरलो आहोत. शतपावली म्हणजे जेवणानंतरची शंभर पावलं. चालताना जठर मोकळं व्हायला मदत होते आणि मुख्य म्हणजे तेवढा वेळ माणूस उभा राहतो. दुसरा शब्द वामकुक्षी. त्याचा अर्थ आता 'दुपारची झोप' एवढाच उरला आहे, पण वाम म्हणजे डावी आणि कुक्षी म्हणजे कूस. डाव्या कुशीवर झोपलं की जठराचा फुगीर भाग खाली राहतो आणि झडप आम्लाच्या पातळीच्या वर येते. उजव्या कुशीवर झोपलं की झडप आम्लात बुडते. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०२२ साली झोपलेल्या माणसांवर हे मोजलं. वर आलेलं आम्ल धुतलं जायला डाव्या कुशीवर साधारण ३५ सेकंद लागत होते, उताणं झोपल्यावर ७६ आणि उजव्या कुशीवर ९०. जेवल्या जेवल्या आडवं होऊ नये हे तरीही खरंच. पण आडवं व्हायचंच तर कोणत्या कुशीवर, हे आपल्या शब्दानेच सांगून ठेवलं होतं.

पोटाच्या घेराचं बोलणं कडू लागतं, तरी टाळता येत नाही. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासातून २०२१ साली सुमारे ४३,००० स्त्रियांची माहिती तपासली गेली. बेताचं वजन, धूम्रपान नाही, रोज अर्धा तास व्यायाम, चहा-कॉफी-सोडा दिवसाला दोन कपांपर्यंत आणि समतोल आहार या पाच सवयी सगळ्यांनी पाळल्या असत्या, तर या त्रासाच्या सुमारे ३७ टक्के तक्रारी टळल्या असत्या, असा अंदाज निघाला. गोळ्या चालू असलेल्या स्त्रियांनाही सवयींचा फायदा दिसला. आपली ठेवणच अशी आहे की वजनकाटा ठीक सांगत असतानाही पोट सुटलेलं असतं, म्हणून भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटीमीटर धरली जाते. धूम्रपानाच्या जागी आपण तंबाखू आणि मिश्रीही वाचावी. निकोटिन कुठल्याही वाटेने आत गेलं तरी झडप सैलच करतं.

इथवरचा उपदेश सोपा आहे. पाळणं कोणाला किती शक्य आहे, हे न विचारता तो केला तर तो निष्ठुर होतो. संध्याकाळी सीएसएमटीहून निघालेला माणूस लोकलच्या गर्दीत उभा राहून कल्याणला उतरतो, तिथून रिक्षाची रांग, घरी पोचायला साडेनऊ. तो सात वाजता कसा जेवणार? सगळ्यांना वाढून, उरलंसुरलं आवरून शेवटी ताटावर बसणारी बाई दहाला जेवते आणि पहाटे पाचला उठायचं म्हणून साडेदहाला पाठ टेकते. तिला 'लवकर जेवा' म्हणणारा डॉक्टर तिच्या घराच्या घड्याळाविषयी काहीच बोलत नाही. मला वाटतं, ही जळजळ निम्मी शरीराची आणि निम्मी आपण आखलेल्या दिवसाची आहे. म्हणून उपायही घराने मिळून करायला हवा. मुख्य जेवण दुपारचं करावं. संध्याकाळी साडेसहा-सातला ऑफिसात किंवा गाडीत डब्यातली पोळी-भाजी खाऊन घ्यावी आणि घरी पोचल्यावर वाटीभर पातळ खिचडी किंवा भाकरी-ताकावर भागवावं. आणि घरातल्या बाईने सगळ्यांबरोबर ताटावर बसावं. ही मागणी मी समतेसाठी तर करतेच, पण तिच्या अन्ननलिकेसाठीही करते.

आता गोळीकडे येऊ. तिच्याविषयी कृतज्ञता न बाळगणं अन्यायाचं होईल. साठ-सत्तर वर्षांपूर्वी पोटाच्या व्रणाच्या रुग्णाला तासातासाला दूध-साय पाजत आणि न भागल्यास पोट फाडत. १९७६ साली ब्रिटनमध्ये सिमेटिडिन बाजारात आलं. त्यामागच्या संशोधनासाठी सर जेम्स ब्लॅक यांना १९८८ सालच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. त्याच वर्षी स्वीडनमध्ये घडलेलं ओमेप्राझोल विक्रीला आलं. आपल्याकडची पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही त्याचीच भावंडं. जठरातल्या पेशी ज्या पंपांनी आम्ल बाहेर टाकतात, त्या पंपांनाच ही औषधं कायमची जखडतात. नवे पंप तयार होईपर्यंत आम्ल कमी राहतं. सोलवटलेली अन्ननलिका त्या उसंतीत भरून येते. पंप चालू स्थितीत असतानाच औषध त्यांना पकडू शकतं, म्हणून गोळी खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. जेवणानंतर, जळजळलं की, झोपताना अशी मनाला येईल तेव्हा घेतली तर तिचा पुरता गुण येत नाही, आणि मग माणूस स्वतःच डोस वाढवतो.

ओमेप्राझोलच्या आसपासच दुसरी क्रांती घडत होती. व्रण तिखटाने आणि काळजीने होतो, हे सगळ्या जगाने मान्य केलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू दाखवला. लोकांना पटेना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी जंतूंचं द्रावण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. आयुष्यभर आम्ल दाबत राहण्याची शिक्षा झालेले रुग्ण दोन आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी बरे होऊ लागले. छातीत वर येणारी जळजळ या जंतूमुळे होत नाही. पण या गोष्टीतला धडा इथेही लागू आहे. कारण चुकीचं धरलं, की थोडक्या दिवसांचा उपचार जन्मभराचा होतो.

अण्णांच्या बाबतीत तेच घडलं होतं. आम्ल कमी झालं की शरीर गप्प बसत नाही. गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढतं आणि आम्लाची यंत्रणा आतल्या आत मोठी होत जाते. गोळी बंद झाली की ही वाढलेली यंत्रणा एकदम मोकळी सुटते आणि काही आठवडे पूर्वीपेक्षा जास्त आम्ल ओतते. डेन्मार्कमध्ये २००९ साली १२० निरोगी माणसांवर हे पाहिलं गेलं. त्यांना कधी जळजळीचा त्रास नव्हता. अर्ध्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल देऊन थांबवलं, अर्ध्यांना नुसती पोकळ गोळी दिली. थांबवल्यानंतरच्या काळात पहिल्या गटातल्या ४४ टक्क्यांना त्रास झाला, दुसऱ्या गटातल्या १५ टक्क्यांना. निरोगी माणसाला दोन महिन्यांत जे होतं, ते सहा वर्षं गोळी घेतलेल्या अण्णांना काशीत झालं असणार. त्यांना तो मूळ आजार परत आल्यासारखा वाटला. तो पुष्कळ अंशी गोळी सुटल्याचा परिणाम होता. या खुणेची जाणीव आधी करून दिली नाही, तर गोळी सोडण्याचा प्रत्येक प्रयत्न गोळी हवीच असल्याचा पुरावा ठरतो.

याच्या उलट टोकालाही आता लोक जाऊ लागले आहेत. 'या गोळ्यांनी किडन्या जातात, हाडं मोडतात, स्मृती जाते' असे निरोप मोबाइलवर येतात आणि खरी गरज असलेला माणूस घाबरून गोळी टाकून देतो. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, आतड्याचे संसर्ग थोडे वाढतात, हे माहीत असलेलं बरं. पण १७,००० हून अधिक रुग्णांना तीन वर्षं पॅन्टोप्राझोल किंवा पोकळ गोळी देऊन केलेल्या २०१९ सालच्या मोठ्या चाचणीत आतड्याच्या संसर्गांपलीकडे ठोस अपाय दिसला नाही. म्हणून माझा आक्षेप गोळी विषारी आहे असा नाहीच. विनाकारण चाललेलं कोणतंही औषध हे विनाकारणच चाललेलं असतं, एवढाच आहे. जोडगोळ्यांबद्दल मात्र मी अधिक कडक बोलेन. पॅन्टोप्राझोलबरोबर डॉम्पेरिडोन घातलेल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास महिनोन् महिने घेतल्या जातात. डॉम्पेरिडोनने हृदयाची लय बिघडू शकते म्हणून युरोपातल्या औषध नियामकांनी २०१४ साली ते मळमळ-उलटीपुरतं आणि एरवी आठवडाभराहून जास्त नाही, असं बांधून घातलं. नावापुढे एखादं जादा अक्षर असलेली गोळी घेताना त्या अक्षराचा अर्थ विचारायलाच हवा.

कोणी गोळी स्वतःहून थांबवू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिते. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला मोठ्या जखमा किंवा अस्तराचा बदल दिसलेला माणूस, पूर्वी व्रणातून रक्तस्राव झालेला माणूस, हृदयासाठी ॲस्पिरिनसोबत रक्त पातळ करणारं दुसरं औषध घेणारा, उतारवयात रोज वेदनाशामक घ्यावी लागणारा: यांच्यासाठी ही गोळी ढाल आहे. गिळताना घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, रक्त कमी होणं, वारंवार उलट्या यांपैकी काहीही असेल, तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये.

आणि एक गोष्ट याहून तातडीची. 'ॲसिडिटी असेल' या दोन शब्दांनी आपल्याकडे जीव घेतले आहेत. हृदयविकाराचा झटका छातीतल्या जळजळीच्या, पोटाच्या खळगीतल्या दुखण्याच्या रूपात येऊ शकतो. मधुमेह्यांत आणि स्त्रियांत तो अशा आडवळणाने येण्याची शक्यता अधिक असते. घाम सुटला, दम लागला, दुखणं जबड्याकडे, खांद्याकडे, हाताकडे सरकलं, चालल्यावर वाढलं किंवा असं पूर्वी कधीच झालं नव्हतं, तर सोडा प्यायला देऊन वाट पाहू नका. ईसीजी काढायला जा. तिथून 'काही नाही, ॲसिडिटीच आहे' असं ऐकून परत येण्यात कमीपणा नाही.

अण्णांचं पुढे असं झालं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी त्यांची एंडोस्कोपी करून घेतली, काळजीचं काही नाही याची खात्री केली आणि गोळी टप्प्याटप्प्याने उतरवायची ठरवली. आधी अर्धा डोस, मग एक दिवसाआड. मधल्या दिवसांत जळजळलं तर समुद्रशेवाळापासून केलेलं, आम्लावर तरंगत राहणारं पातळ औषध. "पहिले काही आठवडे त्रास होईल, तो परत आलेला आजार समजू नका," हे वाक्य त्यांनी आधीच सांगितलं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात गुणकारी औषध ठरलं. सुतार येऊन पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली वीतभर उंचीचे सागवानी ठोकळे बसवून गेला. नुसत्या उशा वाढवल्या तर शरीर पोटात दुमडतं आणि दाब वाढतो, म्हणून पलंगच उंच केला. आठवडाभर अण्णा खाली घसरतोय म्हणून कुरकुरले. रात्रीचं जेवण साडेसातला आलं आणि आई त्यांच्याबरोबर बसू लागली. सोपं काहीच नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात दोनदा ते रात्री उठून बसले.

आता पट्टी खिशातून कपाटात गेली आहे. लग्नकार्यात जड जेवण झालं तर ते कधी चार दिवस गोळी घेतात, पण पट्टीच्या पाठीवर पेनाने तारीख घालतात: या दिवशी सुरू, या दिवशी बंद. तिकिटांचा हिशेब ठेवलेल्या हातालाच ते सुचलं असावं. ती शेवटची तारीख लिहिण्याची जबाबदारी आधी डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्यायला हवी, आणि चिठ्ठीने घेतली नाही तर आपण उठण्यापूर्वी विचारायला हवं, "डॉक्टर, ही किती दिवस?"